पहिल्यांदा ऐकू येतो तो सिबेलियसच

प्रश्न : अर्नेस्ट जॉन मोरन या ब्रिटिश संगीतकाराची जी मायनरमधली सिंफनी ऐकली. सारखं वाटत राहिलं, हा तर सिबेलियस! शेवट तर थेट त्याच्या पाचव्या सिंफनीतून उचललेला. अशी रचना पुन्हा पुन्हा ऐकून काही हाती लागतं, की लोक तिला विसरले तेच बरोबर?

उत्तर : तुमचा कान चोख आहे. फिनलंडच्या सिबेलियसच्या पाचवीच्या शेवटी मध्ये शांतता सोडत सहा आघात येतात, मोरनकडेही सहाच. चौथ्या भागातल्या वादळावर सिबेलियसच्याच ‘तापिओला’ची दाट छाया आहे, आणि ती लपवण्याची मोरनने तसदीही घेतलेली नाही. पण नवी रचना ऐकताना कान आधी ओळखीचे चेहरे शोधतो. ते सापडून झाले, की मगच मोरन ऐकू येऊ लागतो.

पुढच्या वेळी पंचेचाळीस मिनिटांची अख्खी सिंफनी लावूच नका. फक्त पहिला भाग घ्या. सुरुवातीलाच व्हायोलिन जी लांबलचक धून घेऊन निघतात, तिचे पहिले काही स्वर गुणगुणता येतील इतके पक्के करा. मग ते कुठे कुठे डोकं वर काढतात ते पाहा : खालच्या तंतुवाद्यांत, ब्रासमध्ये, कधी मोडून, कधी ताणून. मोरन इंग्लंडमधल्या नॉरफॉकमध्ये वाढलेला पाद्र्याचा मुलगा. तिथल्या पबांत बसून त्याने हॅरी कॉक्ससारख्या शेतमजुरांकडून लोकगीतं उतरवून घेतली. त्यांतल्या एका गीतात शिकारी हंस समजून आपल्याच प्रेयसीला गोळी घालतो. जेफ्री सेल्फ या अभ्यासकाने सिंफनीतल्या सुरावटींचं नातं त्या गीताशी जोडलं आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये बुलकूरच्या लढाईत मोरनच्या डोक्याला जखम झाली होती, म्हणून सिंफनीत युद्धाचा शोकही शोधला जातो. मला तितकं पुढे जावंसं वाटत नाही. गीताचं नातं मात्र एकदा कळलं, की ती सुरुवातीची धून निसर्गवर्णन म्हणून ऐकवतच नाही.

दुसऱ्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या. त्याची सामग्री पूर्व नॉरफॉकच्या वाळूच्या टेकड्या आणि दलदलीत सुचली, असं मोरनने स्वतः सांगितलं आहे. बाकीची बरीचशी सिंफनी आयर्लंडमधल्या केरीच्या डोंगरांत आणि किनाऱ्यावर घडली. इथे धून पूर्ण होईल असं वाटतं आणि ती वाटेतच विरते. पहिल्या ऐकण्यात हे विस्कळीत वाटतं, नंतर त्यातच जीव अडकतो. तिसरा भाग पाचेक मिनिटांचा, ओबोमुळे उजळलेला. तो पहिल्याच फटक्यात आवडतो.

एवढं झाल्यावर ते सहा आघात ऐका. सिबेलियसकडे ते विजयाचा शिक्का मारतात. मोरनकडे विजय कुठेच झालेला नसतो.

विस्मरणाचं म्हणाल, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा. वाद्यवृंद-संचालक हॅमिल्टन हार्टीने ही सिंफनी १९२४ मध्ये मागितली. मोरनने बरंच लिहून ती बाजूला ठेवली आणि पूर्ण केली थेट १९३७ मध्ये. १३ जानेवारी १९३८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये लेस्ली हेवर्डच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली. दोन वर्षांच्या आत दुसरं महायुद्ध. हेवर्डनेच १९४२ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने हॅले ऑर्केस्ट्रासह तिचं ध्वनिमुद्रण केलं, आणि पुढच्याच वर्षी तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मोरन १९५० मध्ये केरीतल्या केनमेअरला वारला. दुसरी सिंफनी अपुरीच राहिली. पहिलीचा कैवार घ्यायला बोल्ट आणि हँडली हे संचालक पुढे आले तोवर सत्तर-ऐंशीचं दशक उजाडलं होतं.

सुरुवात हँडली आणि अल्स्टर ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणापासून करा, त्यात खालचे आवाज स्वच्छ ऐकू येतात. हेवर्डचं नंतर ऐका. खरखर आहे, पण तो कुठेही रेंगाळत नाही, आणि दुसरा भाग त्याच्याइतक्या कोरडेपणाने कुणी वाजवलेला मला तरी माहीत नाही.