गुग्गुलु, पित्ताम्लांचा ग्राही आणि पेशीपटलावरील वाहक

मेदोरोगात गुग्गुलु द्यावा, हे वैद्यबंधूंस नव्याने सांगावयास नको. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात स्थौल्यचिकित्सेत शिलाजतू, गोमूत्र व त्रिफळा यांच्या पंक्तीत त्यास बसविले आहे. चिकित्सास्थानात नवा गुग्गुलु बृंहण व जुना कर्षण असा भेदही सांगितला आहे. हाच धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुग्गुलिपिड हा प्रमाणित अर्क सिद्ध झाला. मात्र हे द्रव्य यकृताच्या पेशीत नेमके काय करते, याचा उलगडा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. तो आपल्या रोजच्या चिकित्सेशी निगडित असल्याने येथे विस्ताराने देत आहोत.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ही आम्ले स्निग्ध पदार्थ विरघळविण्यास समर्थ, पण पेशीत साठली तर तिचाच नाश करणारी. म्हणून पेशीकेंद्रात एफ.एक्स.आर. नावाचा ग्राही त्यांच्यावर पहारा ठेवतो. पित्ताम्ल त्यास जडले की दोन गोष्टी घडतात. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लात रूपांतर करणाऱ्या विकराची निर्मिती मंदावते. आणि यकृतपेशीच्या पटलावरील बी.एस.ई.पी. या वाहक प्रथिनाची निर्मिती वाढते. हा वाहक ए.टी.पी.ची ऊर्जा खर्चून पित्ताम्ले पित्तनलिकेत लोटतो. आतड्याच्या शेवटच्या भागात दुसरा वाहक त्यातील बहुतांश आम्ले पुन्हा शोषून यकृताकडे पाठवितो.

गुग्गुलुतील गुग्गुलुस्टेरॉन हे एफ.एक्स.आर.चे विरोधी आहे, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००२ साली दाखविले. हा ग्राही नसलेल्या उंदरांत त्याचा कोलेस्टेरॉलवरील परिणाम दिसला नाही. पहारा सैल झाला की अधिक कोलेस्टेरॉल पित्ताम्लात खर्ची पडावे, असा सरळ अर्थ निघाला. परंतु त्याच न्यायाने पित्ताम्ले बाहेर लोटणारा वाहकही मंदावला पाहिजे, आणि तसे झाल्यास पित्तावरोधाचे भय. २००३ साली पेशींवरील प्रयोगांत उलटेच आढळले: पित्ताम्लाच्या सोबतीने गुग्गुलुस्टेरॉनने बी.एस.ई.पी. वाढविले. पुढे २००५ साली असेही दिसले की, हे द्रव्य एफ.एक्स.आर.पेक्षा कितीतरी घट्टपणे स्टेरॉइड संप्रेरकांच्या ग्राहींना जडते. एका द्रव्याला एकच कुलूप, ही कल्पना आपल्या शास्त्राला कधीच मान्य नव्हती. आता प्रयोगशाळेलाही ती सोडावी लागली.

रुग्णांवरील निष्कर्षही एकमुखी नाहीत. १९९४ साली भारतात ६१ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या अभ्यासात पथ्याहारासह एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १२ टक्के उतरले. उलट २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या अभ्यासात एल.डी.एल. चार-पाच टक्के वाढले आणि सहा जणांस त्वचेवर पुरळ उठले. तेथे वापरला तो अर्क होता, शास्त्रोक्त शोधन केलेला कल्प नव्हता, हे खरे. पण एवढ्यावरून तो निष्कर्ष झटकून टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. रुग्णाचे रक्त तपासल्याशिवाय ‘चरबी उतरली’ असे म्हणू नये.

खरी काळजी दुसरीकडे आहे. गुग्गुलुस्टेरॉन पी.एक्स.आर. या ग्राहीसही चेतविते, हे यकृतपेशींवर सिद्ध झाले आहे. हा ग्राही चेतला की सी.वाय.पी. ३ए४ हे विकर वाढते, आणि सिम्वास्टॅटिन, सायक्लोस्पोरिन, गर्भनिरोधक गोळ्या यांचा शरीरातील अंश लवकर नष्ट होऊ शकतो. १९९४ सालीच मुंबईतील संशोधकांना आढळले होते की, गुग्गुलिपिडच्या एकाच मात्रेने निरोगी व्यक्तींच्या रक्तातील डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे प्रमाण घटते. विकर वाढावयास काही दिवस लागतात. तेव्हा एका मात्रेतील ही घट बहुधा आतड्यातील शोषणाच्या पायरीवरच होत असावी.

त्यातही आपले कल्प एकद्रव्यी नसतात. त्रिफळा गुग्गुलुत पिंपळी, कैशोर व नवक गुग्गुलुत संपूर्ण त्रिकटू. पिंपळी-मिऱ्यांतील पायपरीन आतड्याच्या पेशीपटलावरील पी-ग्लायकोप्रोटीन हा वाहक रोखते, असे २००२ साली दिसले. हा वाहक आत शिरलेली औषधे परत बाहेर फेकतो. तो रोखला की डिगॉक्सिनसारख्या औषधाचे शोषण वाढू शकते. म्हणजे एकाच गोळीतील एक घटक सोबतचे औषध घटवू पाहतो, दुसरा वाढवू पाहतो. अंतिम परिणाम कोणत्या बाजूस झुकेल, हे केवळ पाठावरून सांगता येत नाही.

आमच्या मते मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यास गुग्गुलुकल्प देऊच नयेत. गर्भिणीसही वर्ज्य. डिगॉक्सिन, डिल्टियाझेम वा प्रोप्रानोलॉल चालू असल्यास हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय घ्यावा. चालू औषध वैद्याने परस्पर थांबवू नये. दोन औषधांत काही तासांचे अंतर ठेवल्याने आतड्यातील अडथळा टळू शकेल, विकराचे वाढणे टळणार नाही. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी गुग्गुलुची डबी हाती देण्यापूर्वी ‘रोजची कोणती गोळी चालू आहे?’ एवढे विचारून उत्तर पावतीवर लिहून ठेवावे. पुरळ, घशाशी जळजळ किंवा नाडीच्या गतीत फरक घेऊन रुग्ण परत आला, तर वैद्यास पहिली वाचावी लागेल ती हीच नोंद.