वाट कोण कोणाची पाहतंय?

मे महिन्याच्या सुट्टीत पाच ते पंच्याहत्तर वयाची माणसं एका घरात जमली की सगळ्यांना मिळून खेळता येईल असा खेळ शोधणं जिकिरीचं होतं. पत्त्यांत धाकटे कंटाळतात. क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये मोठ्यांची बोटं मागे पडतात. गाड्यांच्या शर्यतीत माझ्या आईला गरगरतं. आमच्या घरापुरतं सांगायचं तर टीव्हीवर खेळायचा गोल्फ या सगळ्यांत उजवा ठरला. कारण साधं आहे. चेंडू जागेवर पडून असतो. चष्मा पुसा, नातवाला विचारा, वाऱ्याचा बाण नीट बघा. तुमची पाळी कुठे पळून जात नाही.

पण गोल्फ याच नावाने फोनमध्ये जे शिरतं ते वेगळंच प्रकरण असतं. त्याने आमच्या घरात जो घोळ घातला तो इतरांच्या घरी होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

भाच्याला गोल्फची गोडी लावली अदिती अशोकने. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचं पदक थोडक्यात हुकलं आणि ती चौथी आली. ज्या घरांत कधी कुणी गोल्फची काठी पाहिली नव्हती तिथेही त्या दिवशी बर्डी आणि पार यांची चर्चा चालली होती. मुलांना खेळावंसं वाटलं तर खरं मैदान काही गल्लीत नसतं. मग उरतो तो पडदा.

पडद्यावरच्या गोल्फची परंपरा चांगली जुनी आहे. १९८४ साली निन्टेन्डोचा ‘गोल्फ’ आला. त्याचा प्रोग्राम लिहिणारे सातोरू इवाता पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. एक बटण तीनदा दाबायचं, ही पद्धत त्या खेळाने रूढ केली. पहिल्यांदा दाबलं की पट्टीवरची खूण सरकू लागते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की नेम. प्लेस्टेशनवरचा ‘एव्हरीबडीज गोल्फ’ १९९७ साली आला, तोही याच पट्टीवर चालला. तो बनवणाऱ्या कॅमेलॉट कंपनीनेच पुढे ‘मारिओ गोल्फ’ केला आणि २०२१ मध्ये स्विचवर आलेला ‘मारिओ गोल्फ: सुपर रश’ही तिचाच. २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’ने काठीसारखा हात फिरवायला लावला, पण त्यातले नऊ होल १९८४ च्या खेळातूनच उचललेले होते. घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येईल असा हा प्रकार. आमच्या आईला तीनदा बटण दाबायचं तंत्र शेवयांच्या खिरीला साखर कधी घालायची तितक्या सहज जमलं.

फोनवरच्या खेळाची रचना मात्र निराळी होती. फुकट उतरवून घेतलेला, चित्रं झकास, वयोगट ३+. समोर एक अनोळखी खेळाडू. दोघांनी आधी नाणी लावायची, जिंकणाऱ्याने ती सगळी न्यायची. फटका मारायला मोजके सेकंद. जिंकलं की बक्षिसाची पेटी, पण ती लगेच उघडत नाही. काही तासांनी उघडते. आत काय निघेल हे नशिबावर. थांबायचं नसेल तर रत्नं द्यायची, आणि रत्नं संपली की खऱ्या रुपयांनी विकत घ्यायची. वाऱ्याला न जुमानणारे खास चेंडूही असत, हरलात की ते गेले.

जेवताना भाच्याचं एक बोट टेबलाच्या कडेखाली फोनवर फिरत असायचं. “आत्या, पेटी सव्वातीनला उघडणार,” असं तो मला एकदा म्हणाला, तेव्हा मला दुपारचे सव्वातीन वाटले. पहाटे गजर वाजला तेव्हा उलगडा झाला. त्याच्या आईची समजूत होती की पोरगा अभ्यासाला उठतो!

मग पैशांचं प्रकरण. माझा भाऊ निर्धास्त होता, कारण “ओटीपी आल्याशिवाय एक रुपया हलत नाही.” मी बँकेत नोकरी केली, मलाही ते पटण्यासारखंच वाटलं असतं. पण ओटीपी किंवा यूपीआयचा पिन लागतो तो बँकेतून पैसे निघताना. भावाने कशासाठी तरी प्ले स्टोअरच्या खात्यात रक्कम भरून ठेवली होती. ती तिथे पोचली की बँकेचा संबंध संपतो. पुढची खरेदी त्या शिलकीतून होते आणि तिला अडवणारं एकच दार असतं: खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची स्टोअरची सेटिंग. ती बंद असेल तर दार सताड उघडं. खरेदीचा इतिहास उघडला तर ८९ रुपयांच्या ओळी एकाखाली एक. भाच्याला विचारलं, तर तो खरंच गोंधळला. म्हणाला, “मी पैसे नाही दिले, आत्या. मी रत्नं घेतली.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. रुपयाचं रत्न, रत्नाची पेटी, पेटीची काठी, एवढी वळणं घेतल्यावर मोठ्या माणसालाही हिशेब लागत नाही. अशा नशिबाच्या पेट्या पैसे घेऊन विकणं म्हणजे जुगार, असं बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्येच म्हटलं. अमेरिकेतल्या ईएसआरबी या मानांकन संस्थेने २०२० पासून खेळाच्या खोक्यावर वेगळी सूचना छापायला सुरुवात केली, की या खेळात नशिबावर अवलंबून असलेल्या वस्तू विकल्या जातात.

आता कामाचं.

वयोगटाच्या आकड्यावर विसंबू नका. ३+ याचा अर्थ मारामारी, शिवीगाळ, अश्लीलता नाही एवढाच. खेळ खिशात हात घालतो की नाही, हे तो आकडा सांगत नाही. स्टोअरवर खेळाच्या नावाखाली बारीक अक्षरांत जाहिराती आणि ॲपमधील खरेदीचा उल्लेख असतो, तो आधी वाचा.

फोन मुलाच्या हाती जाणारच असेल तर अँड्रॉइडवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करा, आणि तो पासवर्ड फोन उघडण्याच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. मुलाचं स्वतंत्र खातं काढून फॅमिली लिंकला जोडलं तर परवानगीची विचारणा पालकांच्या फोनवर येते. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधील खरेदी साफ बंद करता येते. स्टोअरच्या खात्यात शिल्लक ठेवू नका. आणि पैसे गेलेच, तर रागावण्यात वेळ न घालवता आधी परताव्याचा अर्ज करा. प्ले स्टोअरवर पहिल्या ४८ तासांत तो करणं सोपं असतं.

शक्य असेल तर एकदाच पैसे मोजून घ्यायचा खेळ घ्या. ‘व्हॉट द गोल्फ?’ हा डेन्मार्कच्या ट्रायबँड या स्टुडिओचा २०१९ चा खेळ गोल्फ न आवडणाऱ्यांसाठीच बनवला आहे. त्यात फटका मारला की कधी चेंडूऐवजी खेळाडूच उडून जातो, आणि लहान मुलं हसून लोळतात. ‘गोल्फ विथ युअर फ्रेंड्स’ मिनी गोल्फचा आहे, मोठ्या टोळक्याला बरा. पीजीए टूरचे खेळ खऱ्या मैदानांची हुबेहूब नक्कल करतात, पण ते जाणत्या मुलांसाठी ठेवा. शिवाय पूर्ण किंमत देऊनही त्यांत कपडे आणि साहित्य विकायला मांडलेलं असतं.

हात फिरवून खेळायचा गोल्फ घेणार असाल तर आधी छताकडे बघा. आपल्याकडच्या हॉलमध्ये डोक्यावर पंखा, मध्ये टीपॉय आणि समोर शोकेस असतं. आमच्याकडे भाच्याचा हात मागे गेला आणि मागून धावत आलेल्या धाकटीच्या कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हापासून चटईचा नियम आहे. कंट्रोलर ज्याच्या हाती तो चटईवर, बाकी सगळे सोफ्यावर, आणि मनगटाला पट्टा अडकवल्याशिवाय पाळी नाही. हा पट्टा क्षुल्लक वाटतो, पण निन्टेन्डोचा वी हा कन्सोल बाजारात आल्यावर पातळ पट्टे तुटून कंट्रोलर उडाल्याच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याचं जाहीर केलं. मुलांना हेही दाखवा, की ‘वी स्पोर्ट्स’मध्ये जोरात फिरवलं तर चेंडू भरकटतो. अलगद फिरवणाराच तिथे जिंकतो.

वयाच्या फरकाचं उत्तर गोल्फमध्येच आहे. हँडिकॅप द्या: धाकट्याला दर होलमागे एक फटका माफ. एका होलवर आठ फटके झाले की चेंडू उचलायचा, पुढे चला. यामुळे रडारड वाचते. जोडीने खेळायचं असेल तर एकच चेंडू दोघांनी आळीपाळीने मारायचा. खऱ्या गोल्फमध्ये ही रीत आहे, तिला फोरसम म्हणतात. नातवाने दिशा सांगावी आणि आजीने बटण दाबावं, अशी जोडी आमच्याकडे सगळ्यांना भारी पडते.

आणि वेळेचं भांडण मिनिटांत घालू नका. “अर्धा तास झाला, बंद कर” म्हटलं की डाव अर्ध्यावर तुटतो आणि मूल चिडतं. होल मोजा. नऊ होल म्हणजे एक बैठक, हे आधी ठरलेलं असलं की मुलं आपणहून उठतात, कारण खेळ खरोखरच संपलेला असतो. फोनवरच्या त्या खेळाला शेवटचा होल नव्हताच.

तेव्हा नवा गोल्फ घरात येण्याआधी स्वतः दहा मिनिटं खेळून पाहा आणि एवढंच तपासा, की वाट कोण कोणाची पाहतंय. चेंडू मुलाची वाट पाहत असेल तर खुशाल घ्या. मुलाला पेटीची वाट पाहायला लावणारा खेळ असेल, तर तो फुकट असला तरी महागच पडेल.