हिमप्रदेशातील रस्ते

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात हिवाळ्यात पारा कित्येकदा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तेथील ग्रामीण नगरपालिकांकडे लांबच लांब खडीचे रस्ते असतात. यंत्रे मात्र मोजकीच. म्हणून हमरस्ते व शाळेच्या बसचे मार्ग बहुधा प्रथम मोकळे करतात, एकाकी शेतघरांच्या वाटा मागाहून. उणे २१ अंशांखाली मिठाने बर्फ वितळत नाही. तेव्हा यंत्राच्या पात्याने तो खरवडून कडेस सारतात. रस्ते भोवतालच्या जमिनीहून उंच बांधलेले असल्यास बरेचसे हिम वाराच उडवून नेतो. परंतु शेवटच्या घरी कोणी अत्यवस्थ असेल, तर ठरलेला क्रम मोडावा लागतो. साधने अपुरी असता प्रथम कोणाचा मार्ग मोकळा करावा, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गापुढे ठेवावा.