पिंपळीची नोंदवही आणि 'आर'

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांइतकीच तेथील पिंपळीही वैद्यवर्गास परिचित आहे. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत तिचे ४ भाग असतात; एक ओलसर पोते आत गेले, तर सबंध चूर्णास बुरशीचे भय. म्हणून औषधशाळेने ओलावा पोतेनिहाय नोंदवावा आणि निर्णय केवळ सरासरीवर घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

समजा, सहा पोत्यांत ओलावा शेकडा ९, १०, १०, ११, १० आणि २२ भरला. सरासरी १२ येते, मध्यक मात्र १०. या अंतराकडे लक्ष हवे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्मिलेली 'आर' ही संगणकभाषा १९९५ पासून मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. तीत 'मीन' ही आज्ञा सरासरी देते, 'मीडियन' मध्यक. (आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकाव्या, नवख्यांचा बराच वेळ येथेच जातो.) 'बॉक्सप्लॉट' म्हणताच २२ चा ठिपका पेटीबाहेर एकटा पडलेला दिसतो. पोते खरोखर ओले की मोजणी चुकली, हे मात्र पिंपळी मोडून, पुन्हा मोजूनच ठरवावे. तोवर ते पोते कुटाईस देऊ नये.