राख होण्याआधी विझवूया : रानमोडीचा कोळसा आणि आपली जमीन



होळी झाली की आपल्याकडे राब भाजायची गडबड सुरू होते. थंडीत ऐन-किंजळाचा कवळ तोडून ठेवलेला असतो. शेण, पातेरा, गवत आणि वर माती असे थर दाढीच्या जागेवर पसरलेले असतात. वारा पडलेला बघून एक दिवस काडी लावायची, की संध्याकाळपर्यंत सगळ्याची राख. मग जूनचा पहिला जोराचा पाऊस येतो आणि त्यातली बरीचशी राख उतारावरून पऱ्ह्यात निघून जाते.

आता आठवून बघा, ते भारे डोक्यावरून कुणी आणले? बहुतेक घरांत आपणच. म्हणजे राखेबरोबर आपली मेहनतही वाहून जाते.

राब भाजणं चुकीचंच आहे असं मी म्हणत नाही. त्यानं तणाचं बी मरतं, कीड मरते, रोपाला पालाश मिळतं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते उगाच केलं नाही. पण कवळासाठी दरवर्षी झाडं बोडकी होतात, आणि आग हाताबाहेर गेली तर वणवा लागतो. म्हणून या पाठात आपण एक जोडमार्ग शिकणार आहोत. तो म्हणजे रानमोडी, काजूची छाटणी, बांबूचे तुकडे अशा निरुपयोगी काडीकचऱ्याचा शेतीसाठी कोळसा करणं. यालाच बायोचार म्हणतात.

राख आणि कोळसा यांत फरक काय?

हे आपल्याला चूल शिकवते. लाकूड मोकळ्या हवेत जळत राहिलं तर शेवटी राख उरते. तेच जळतं लाकूड वेळेवर विझवलं तर कोळसा राहतो. राख पाण्याबरोबर जाते. कोळसा मातीत वर्षानुवर्षं टिकतो. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या जंगलात काळ्या मातीचे पट्टे आहेत. तिथल्या लोकांनी हजार-दोन हजार वर्षांपूर्वी कोळसा, हाडं, खरकटं मातीत घातलं होतं. ती माती आजही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुपीक आहे.

कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांत पाणी आणि खत धरून राहतं. आपली जांभी जमीन आम्लधर्मी, त्यात पाऊस धो-धो, त्यामुळे घातलेलं खत लवकर धुपतं. कोळसा थोडा क्षारधर्मी असतो, म्हणून अशा जमिनीला तो मानवतो. मात्र घाटावर ज्यांची जमीन चुनखडीची किंवा खारवट आहे, त्यांनी माती तपासल्याशिवाय हे करू नये. माहेरच्यांना सांगताना एवढं लक्षात ठेवा.

नेपाळमधला भोपळा

आपण जिला रानमोडी म्हणतो, तिच्या जवळच्या जातीला नेपाळमध्ये ‘बनमारा’ म्हणतात. बन मारणारा! दोन्हीकडच्या लोकांनी तिला जवळजवळ एकच नाव दिलं, यातच तिचा गुण कळला. तिथे या बनमाऱ्याचा कोळसा करून लाल भोपळ्यावर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळ्या वाफ्यांना शेणखत सारखंच होतं. काहींना सोबत नुसतं गोमूत्र दिलं, काहींना नुसता कोळसा, आणि काहींना गोमूत्रात भिजवलेला कोळसा. नुसत्या गोमूत्रापेक्षा भिजवलेल्या कोळशाच्या वाफ्यात चौपट भोपळा आला. नुसत्या कोळशापेक्षाही तो 85 टक्के जास्त होता. कोळसा किती लागला? हेक्टरी 750 किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण साडेसात किलो. तोही शेतभर न पसरता थेट मुळाशी घातला होता.

आपल्याकडेही चौपट येईल असं समजू नका. माती वेगळी, पीक वेगळं. यातून घ्यायचा धडा एकच, की कोळसा उपाशी घालायचा नाही, आधी त्याला खाऊ घालायचं.

कोळसा कसा करायचा?

1. तोडणी : रानमोडी फुलावर येण्याआधी, दिवाळीच्या सुमारास मुळासकट काढा. बी धरलं की ते वाऱ्यावर उडून सगळीकडे रुजतं. काड्या दीड-दोन महिने कडक वाळू द्या. ओली काडी नुसता धूर करते. मनगटापेक्षा जाड लाकूड घेऊ नका.

2. खड्डा : तोंडाशी 5 फूट रुंद, 3 फूट खोल आणि खाली निमुळता, असा मोठ्या कढईसारखा खड्डा खणा. लोखंडी भट्टी विकत घ्यायची गरज नाही. भोवतालचं 15 फुटांपर्यंतचं गवत काढून टाका.

3. पेटवणं : जानेवारी-फेब्रुवारीतली वारा नसलेली सकाळ निवडा. खड्ड्याच्या तळाशी काड्यांची लहान चौकट रचा आणि ती वरून पेटवा, खालून नाही.

4. थर देणं : आग पसरली की पातळ थर टाका. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, म्हणून खालच्या निखाऱ्याची राख होत नाही. धूर वाढला तर समजा, थर जाड झाला किंवा काडी ओली आहे.

5. विझवणं : खड्डा भरायला दोन-चार तास लागतात. शेवटच्या थरावर राख दिसली की भरपूर पाणी ओता. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या मातीनं पूर्ण झाकून चोपा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. आत एक निखारा जिवंत राहिला तरी सगळ्याची राख होते.

चांगला कोळसा हलका असतो, बोटांनी चुरडतो, आणि त्याचा काळा हात साध्या पाण्यानं धुतला जातो. हात चिकट, तेलकट राहिला तर कोळसा कच्चा आहे असं समजा.

काम करताना सुती कपडे घाला, पदर खोचा, नाकाला फडकं बांधा. पाण्याचं पिंप भरल्याशिवाय काडी लावू नका. मुलांना लांब ठेवा. प्लॅस्टिक किंवा रंग दिलेलं लाकूड खड्ड्यात टाकू नका. कोळसा चुरडताना नेहमी ओला ठेवा, त्याची धूळ छातीत जाते.

खाऊ घालणं आणि वापरणं

एक पाटी कोळशाचा चुरा आणि एक पाटी कुजलेलं शेणखत एकत्र करा, गोमूत्र शिंपडून ओलं करा आणि सावलीत दोन-तीन आठवडे झाकून ठेवा. हे केलं नाही तर कोळसा मातीतलंच खत शोषतो आणि पीक पिवळं पडतं. मग लोक म्हणतात, ‘बायकांनी काहीतरी काळं घातलं नि पीक गेलं.’

पहिल्या वर्षी परसबागेतल्या दोडका, कारली, भोपळ्याच्या आळ्यांत वापरा. अर्ध्या आळ्यांत हे मिश्रण आणि अर्ध्यांत नुसतं शेणखत घाला. दोन्हीकडचं वजन वहीत लिहा. आपला पुरावा आपल्याच वहीत हवा.

यातून रोजगार मिळेल का?

मिळेल, पण आधी हिशोब. समजा, तोडणी आणि वाहतुकीला चार मजूर-दिवस लागले, आणि चौघी अर्धा दिवस खड्ड्यावर, म्हणजे दोन मजूर-दिवस. एकूण सहा. रोज 300 रुपये धरला तर 1,800 रुपये. एका खड्ड्यातून 60 किलो कोरडा कोळसा निघाला, तर किलोला 30 रुपये नुसती मजुरी झाली. यात खत, पोती, वाहतूक धरलेली नाही. कुणी 15 रुपयांनी मागितला तर ते आपली मेहनत अर्ध्या किमतीत मागतात.

म्हणून नुसता कोळसा विकण्याच्या मागे लागू नका. आधी आपल्या जमिनीत वापरा. मग कोळसा-शेणखताचं मिश्रण काजू-आंब्याच्या रोपवाटिकांना, कुंडीत झाडं लावणाऱ्यांना लहान पिशव्यांत देऊन बघा. काजूच्या बागा साफ करून देण्याची मजुरी ठरवून घेतली, तर काडी फुकट मिळते आणि तोडणीचा खर्चही सुटतो. पहिल्या वर्षी यासाठी गटातून कर्ज उचलू नका.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो असं सांगत कुणी आलं, तर आगाऊ रक्कम देऊ नका आणि प्रभागसंघाच्या बैठकीत कागद वाचल्याशिवाय सही-अंगठा करू नका.

आणखी एक गोष्ट. वनखात्याच्या किंवा सामूहिक वनहक्काच्या जंगलातली काडी आणायची असेल, तर आधी वनरक्षक आणि ग्रामसभा यांची परवानगी घ्या. कोळसा गावाबाहेर नेण्याआधीही विचारून घ्या. आणि या कामासाठी एकही जिवंत झाड तोडायचं नाही. तसं झालं तर आपणच रानमोडी ठरू.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या वाडीत दरवर्षी कुठला काडीकचरा नुसताच जाळला जातो?
- रानमोडी काढली तिथे लगेच काय लावायचं? जागा मोकळी राहिली तर ती पुन्हा येणारच.
- खड्ड्यासाठी जागा, पाणी आणि चार जणींचा अर्धा दिवस, हे कोण देणार?
- वहीत नोंदी ठेवायची जबाबदारी कुणाची?

यंदा एका गटानं एकच खड्डा करायचा. भोपळ्याचं वजन वहीत लिहून पावसाळ्यानंतरच्या बैठकीला आणा. कमी भरलं तरी आणा. त्यातूनही पुढच्या गटाला शिकता येईल.