मत आणि पुरावा : मेटॅलिकाच्या एका अल्बमचा वाद

‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे जुन्या रॉक बँडच्या चाहत्यांचं ठरलेलं वाक्य. हे झालं मत. पण 2008 मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा काही चाहत्यांनी पुरावाच शोधला. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे चक्क जास्त स्वच्छ ऐकू येत होती! दोन्हींच्या ध्वनिलहरींचे आलेख शेजारी ठेवले. सीडीवर लहान-मोठ्या आवाजातलं अंतर दाबून सगळंच मोठं केलेलं, लहरींचे माथे सपाट कापलेले. म्हणून आवाज फाटत होता. गाणी चांगली की वाईट, हा वाद मात्र आलेखाने मिटला नाही. मुलांना ‘आवाज फाटतो’ आणि ‘जुनी गाणीच भारी’ ही दोन वाक्यं द्या. विचारा, यातलं कोणतं तपासता येईल? कसं?