पाकिटातला पाहुणा

पोस्टमन गावात टपाल आणतो. संगणकावर आणि मोबाईलवरही टपाल येते. त्याला ईमेल म्हणतात. हे टपाल घेणारा, ठेवणारा, धाडणारा एक प्रोग्रॅम असतो. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेला लेखी हुकूम. यंत्र हुकमाचे ताबेदार. हुकूम भला की बुरा, ते त्याला कळत नाही.

कागदाचे पत्र आपण होऊन काही करीत नाही. ईमेलचे तसे नाही, बरे का! तिच्यासोबत जोडपत्र येते. ते कधी फोटो असते, कधी साधा मजकूर, तर कधी चक्क प्रोग्रॅम. तो उघडला की कामाला लागतो. गोम इथेच आहे.

४ मे २००० रोजी फिलिपाईन्स देशातून असे एक पत्र निघाले. वर लिहिले होते, 'आय लव्ह यू'. म्हणजे, माझे तुझ्यावर प्रेम आहे. सोबत प्रेमपत्र जोडलेले. असे पत्र कोण उघडणार नाही? जोडपत्राच्या नावाला दोन शेपट्या होत्या. पहिली 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर. दुसरी 'व्हीबीएस', म्हणजे प्रोग्रॅम. खरी शेपटी दुसरी. पण विंडोज ती सहसा लपवून ठेवी. लोकांना वाटले, साधे पत्रच आहे. उघडले, अन् घात झाला. त्या प्रोग्रॅमने संगणकातली चित्रे नासवली. शिवाय आउटलुक या टपालाच्या प्रोग्रॅममधली पत्त्यांची वही काढली आणि वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र मालकाच्या नावाने धाडले! ओळखीचे नाव पाहून पुढचा माणूस फसला. ब्रिटनच्या पार्लमेंटला आपली ईमेल काही काळ बंद ठेवावी लागली. हे करणाऱ्याला शिक्षा झाली नाही. त्या देशात तसा कायदाच तेव्हा नव्हता.

मग आउटलुकच्या मालक कंपनीने दाराला कडी बसवली. चालत्या प्रोग्रॅमची जोडपत्रे आउटलुक उघडू देईना. दुसरा प्रोग्रॅम पत्त्यांच्या वहीला हात लावू लागला, तर ते आधी मालकाला विचारी. ही कडी जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्ये आजही आहे. 'ट्रस्ट सेंटर' उघडा. तिथे 'प्रोग्रॅमॅटिक अ‍ॅक्सेस' पहा. तीन पर्याय दिसतील. एक, व्हायरस रोखणारा प्रोग्रॅम बंद किंवा जुना असेल तेव्हा सावध कर. दुसरा, नेहमीच सावध कर. तिसरा, कधीच सावध करू नको. कंपनी पहिला सुचवते. तिसरा कुणी का निवडावा, हे मला तरी उमगत नाही. विचारणा कटकटीची वाटते खरी. पण आपण काही धाडत नसताना ती आली, तर 'नाही' म्हणावे.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे संगणक नसेल. मोबाईल मात्र आहे. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपने लग्नपत्रिका येते. नावाअखेर 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे, प्रोग्रॅम आहे. दाबू नका. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, "दादा, हे तुम्हीच धाडलेत ना?" फोनच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' असते. तिथे व्हॉट्सअ‍ॅपला परवानगी असेल, तर काढून टाका. जमत नसेल तर घरातल्या शिकल्या मुलीला शेजारी बसवा. एवढे करूनही खात्यातले पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर कळवा आणि बँकेत जा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.